रुंद चाकांसाठी व्हील स्पेसर कसा निवडावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरं खासगी हॅचबॅक, सेडान आणि लहान एसयूव्हींपुरती आहेत. मालवाहू गाड्या, टॅक्सी म्हणून भरून धावणाऱ्या गाड्या आणि ट्रेलर ओढणाऱ्या गाड्यांवर स्पेसर लावूच नये, म्हणून त्यांचा विचार इथे नाही. मापं घ्यायला व्हर्नियर कॅलिपर, सरळ फूटपट्टी, ओळंबा आणि टॉर्क रेंच जवळ असू द्या. नजरेच्या अंदाजाने स्पेसर निवडता येत नाही.

स्पेसर नेमकं काय करतो?

हब (गाडीचा जो फिरणारा भाग चाकाला धरतो तो) आणि चाक यांच्यामध्ये बसणारी ही धातूची चकती. तिच्या जाडीइतकं चाक बाहेर सरकतं. दोन्ही बाजूंना १५ मिमीचे स्पेसर लावले तर त्या अ‍ॅक्सलचा ट्रॅक, म्हणजे दोन चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ३० मिमीने वाढतो. चाकाचा ऑफसेट (रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर मिमीत, खूण ‘ईटी’) तेवढाच कमी झाल्यासारखा होतो: ईटी ४५ च्या चाकामागे १० मिमी स्पेसर म्हणजे गाडीच्या दृष्टीने ईटी ३५.

रुंद अलॉय घेतले म्हणजे स्पेसर लागणारच का?

नाही. योग्य ऑफसेटचं चाक बाजारात मिळत असेल तर तेच घ्यावं, स्पेसरच्या वाटेला जाऊ नये. दुकानात आवडलेलं डिझाइन फक्त ईटी ४५ मध्ये आहे आणि तुमच्या गाडीला ईटी ४० हवा, अशा वेळी दुकानदार लगेच ‘स्पेसर टाकून देतो’ म्हणतो. आधी दुसरं डिझाइन किंवा तेच डिझाइन दुसऱ्या ऑफसेटमध्ये मिळतं का ते विचारा. नवीन चाकांसोबतच ३० मिमीचे स्पेसर विकत घ्यावे लागत असतील, तर मुळात चाकंच चुकीची निवडली आहेत.

स्पेसर खरा उपयोगी पडतो तो चाकं आधीपासून हातात असतील आणि आतल्या बाजूला थोडी जागा कमी पडत असेल तेव्हा. टायर किंवा रिम स्ट्रटला (शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या उभ्या नळीला) घासतंय, नाहीतर मोठ्या ब्रेक कॅलिपरला स्पोक लागतोय, अशी ती अडचण असते.

चाकाची रुंदी आणि ईटी कुठे वाचायचे?

अलॉयच्या मागच्या बाजूला, स्पोकच्या पाठीवर किंवा मधल्या भागात ‘१६ × ७जे’ आणि ‘ईटी ४५’ असं कोरलेलं असतं. ‘जे’पुढचा आकडा इंचातली रुंदी सांगतो, आणि ती टायरचा कडा जिथे बसतो तिथपासून तिथपर्यंतची. कडेच्या ओठांसकट चाकाची एकूण रुंदी साधारण एक इंचाने जास्त भरते.

आकडे पुसले असतील तर चाक पालथं ठेवा, मागच्या कडांवर फूटपट्टी आडवी टाका आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत खोली मोजा. त्यातून एकूण रुंदीचा अर्धा भाग वजा केला की ऑफसेट मिळतो. ७जे चाकाची एकूण रुंदी सुमारे २०३ मिमी, अर्धी १०१.५. खोली १४६.५ भरली तर ईटी ४५.

किती जाडीचा स्पेसर लागेल याचा हिशेब कसा करायचा?

दोन सूत्रं पुरतात. हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून आतली कड = (रुंदी ÷ २) + ईटी. बाहेरची कड = (रुंदी ÷ २) − ईटी. स्पेसर लावला की त्याची जाडी आतल्या आकड्यातून वजा होते आणि बाहेरच्या आकड्यात मिळवली जाते. एक इंच म्हणजे २५.४ मिमी.

समजा मूळ चाक ६जे ईटी ४५ आहे. रुंदी १५२.४, अर्धी ७६.२. आतली कड १२१.२ आणि बाहेरची ३१.२ मिमीवर. नवीन चाक ७जे ईटी ४५. रुंदी १७७.८, अर्धी ८८.९. आतली कड १३३.९, बाहेरची ४३.९. म्हणजे नवं चाक दोन्हीकडे १२.७ मिमीने फुगलं. आता मूळ चाकावर टायर आणि स्ट्रट यांत १२ मिमी जागा असेल, तर नवं चाक स्ट्रटला टेकणार. निदान ४ मिमी मोकळीक हवी, म्हणून ५ मिमी स्पेसर.

पण इथेच हिशेब थांबवू नका. बाहेरची कड आता ४८.९ मिमीवर गेली, म्हणजे मूळ जागेपेक्षा १७.७ मिमी बाहेर. आतलं घासणं मिटवताना बाहेरचं घासणं विकत घेतलंय का, ते फेंडरपाशी (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीपाशी) मोजूनच कळेल. बहुतेक तक्रारी या दुसऱ्या आकड्यातून येतात, कारण तो कोणी काढतच नाही.

टायरचा फुगवटा वेगळा धरावा लागतो. एकच टायर अर्धा इंच जास्त रुंद रिमवर चढवला तर त्याची रुंदी सुमारे ५ मिमीने वाढते, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. टायरही रुंद घेतला असेल तर त्याची भर निराळी. स्ट्रटला आधी लागतो तो टायरच, रिम नंतर.

गाडीवर प्रत्यक्ष मोजमाप कसं घ्यायचं?

आतल्या बाजूला चाक जॅकवर उचलून टायर आणि स्ट्रट, टायर आणि स्प्रिंगची खालची थाळी, रिम आणि टाय रॉड एंड यांतलं अंतर मोजा. हात पोचत नसेल तर मातीचा किंवा कणकेचा गोळा फटीत दाबून काढा आणि त्याची जाडी व्हर्नियरने मोजा. चाकासोबतच हलणाऱ्या भागांना, म्हणजे स्ट्रट, नकल (हब धरणारा भाग) आणि कॅलिपर यांना, ३ ते ५ मिमी मोकळीक पुरते. फेंडर, प्लास्टिकचा लायनर आणि चासी यांच्या बाबतीत चाक वरखाली होतं नि वळतंही, म्हणून तिथे किमान १० मिमी, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी चालणार असेल तर त्याहून जास्त.

बाहेरच्या बाजूला गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर उभी पाहिजे. फेंडरच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि दोरीपासून टायरच्या फुगवट्यापर्यंत फूटपट्टीने मोजा. १८ मिमी बाहेर सरकणार असेल आणि ओळंब्यापासून टायर फक्त १० मिमी आत असेल, तर ८ मिमी टायर फेंडरबाहेर येईल.

एवढ्यावर समाधान मानू नका. स्टीयरिंग एका टोकापर्यंत पूर्ण कापून (वळवून) पाहा, मग दुसऱ्या टोकापर्यंत. मागच्या सीटवर तीन माणसं आणि डिकीत सामान ठेवून मागची चाकं पुन्हा तपासा. रिकाम्या गाडीत छान वाटणारी फट पाहुण्यांना घेऊन निघाल्यावर पहिल्या गतिरोधकावरच संपते. फेंडरच्या आतल्या कडेला खडू लावा, खराब रस्त्यावर एक फेरी मारा आणि टायरवर खडू उमटला का ते बघा.

स्पेसरचे प्रकार कोणते आणि कोणती जाडी कोणत्या प्रकारात?

३ ते ५ मिमीची साधी चकती. ती हबच्या ओठावर (मधल्या गोल उंचवट्यावर) सरकवायची, चाक मूळ स्टडवरच (हबमधून बाहेर आलेल्या आटेदार खुंट्यांवरच) बसतं. इथे हबचा ओठ पुरेसा बाहेर उरला पाहिजे, तरच चाक केंद्रावर बसेल.

साधारण १० ते २० मिमी: स्वतःचा ओठ असलेला, हबसेंट्रिक स्पेसर. आतून हबच्या ओठावर बसतो आणि बाहेरच्या ओठावर चाक बसतं. यासाठी लांब स्टड किंवा लांब बोल्ट लागतात.

२० मिमीपासून पुढे: बोल्ट-ऑन. हा मूळ स्टडवर वेगळ्या नटांनी घट्ट होतो आणि त्याला स्वतःचे स्टड असतात, ज्यांवर चाक बसतं.

हिशेबात ७-८ मिमी आलं. तेवढ्याच जाडीचा घ्यावा का?

साधारण ६ ते ९ मिमी हा पट्टा त्रासदायक आहे. बऱ्याच हबचा ओठ १० मिमीच्या आसपास लांब असतो. त्यावर ८ मिमीची चकती सरकवली की ओठ २ मिमी उरतो, आणि चाकाच्या भोकाच्या कडेची उतरण तेवढी खाऊन टाकते. चाक मग केंद्रावर न बसता नुसत्या नटांवर लटकतं. दुसरीकडे, स्पेसरला स्वतःचा ओठ द्यायचा तर हबचा ओठ पूर्णपणे त्याच्या पोटात मावायला हवा; ८ मिमीत तो मावत नाही. अशा वेळी ५ मिमीवर भागतंय का ते पाहा, नाहीतर बाहेर जागा असेल तर १२ घ्या. दोन्ही जमत नसेल तर त्या गाडीला ती चाकं नकोत.

तुमच्या हबचा ओठ किती लांब आहे ते मात्र व्हर्नियरने स्वतः मोजा. काही गाड्यांत तो जेमतेम ६ मिमी असतो, काहींत १५ पर्यंत.

दोन स्पेसर एकावर एक चालतात का?

नाही. जोडाचा प्रत्येक पृष्ठभाग थोडा बसतो आणि नटांचा ताण कमी करतो. जाडी कमी पडली तर एकच जाड स्पेसर घ्या.

स्टड लांब लागतील हे कसं ठरवायचं?

नट बोटांनी पूर्ण आत नेताना फेरे मोजा. सोपा नियम असा: स्टडच्या व्यासाएवढी लांबी आट्यांमध्ये गुंतली पाहिजे. १२ मिमी स्टड आणि १.५ मिमी पिच (दोन आट्यांमधलं अंतर) असेल तर ८ पूर्ण फेरे. १२ × १.२५ ला साधारण १० फेरे. १४ × १.५ ला ९ पेक्षा थोडे जास्त. मूळ चाकावर किती फेरे बसतात तेही मोजून ठेवा. स्पेसर लावल्यावर त्यापेक्षा कमी भरले आणि या नियमाखाली गेले तर लांब स्टड घालणं भाग आहे. ५ मिमीच्या साध्या चकतीने १.५ पिचवर तीन फेरे जातात. ‘पातळ आहे, काही होत नाही’ म्हणून मूळ स्टडवर चकती चढवणाऱ्यांनी हे तीन फेरे लक्षात ठेवावेत.

बोल्टने चाक बसणाऱ्या गाड्यांत, म्हणजे फोक्सवॅगन, स्कोडा, आउडी, नियम आणखी सरळ: मूळ बोल्टची लांबी अधिक स्पेसरची जाडी. कमी लांब बोल्ट आटे तोडतो, जास्त लांब बोल्ट हबच्या मागे बाहेर निघून ब्रेक ड्रमच्या आतल्या भागांना किंवा सेन्सरला लागतो.

आटे आणि नटाचं तोंड यांत काय काय वेगळं असतं?

इथे चूक झाली तर चाक निखळू शकतं, म्हणून थोडं सविस्तर. मारुती सुझुकीत १२ × १.२५ आटे. ह्युंदाई, टोयोटा, होंडाच्या बहुतेक मोटारींत १२ × १.५. फोक्सवॅगन गटात १४ × १.५ बोल्ट. सुझुकीचा नट ह्युंदाईच्या स्टडवर दोन फेरे जाऊन अडकतो, आणि न्यूमॅटिक गन हातात असलेला मुलगा तो जोर लावून आत घुसवतो. आटे तिथेच गेले.

नटाचं टेकणारं तोंड तीन प्रकारचं: ६० अंशाचा शंकू, गोलाकार, आणि सपाट वॉशरवालं. बाजारातले बहुतेक अलॉय शंकूचे असतात. होंडाच्या मूळ अलॉयला गोलाकार तोंड, फोक्सवॅगन गटाला गोलाकार, टोयोटाच्या अनेक मूळ अलॉयला सपाट तोंडाचे आणि लांब मानेचे नट. गोलाकार खाचेत शंकूचा नट घट्ट केला तर तो एका पातळ रेषेवर टेकतो. टॉर्क रेंच ‘टक्’ म्हणते, पण पाचशे किलोमीटरवर नट सैल. बोल्ट-ऑन स्पेसरमध्ये तर दोन वेगवेगळे नट संच लागतात: आतले स्पेसरच्या खाचेला जुळणारे, बाहेरचे चाकाला जुळणारे.

बोल्ट-ऑन स्पेसर घेतला, पण मूळ स्टड पुढे डोकावतात. कापले तर?

कापू नका. मूळ स्टड हबच्या पृष्ठभागापासून साधारण २५ ते ३० मिमी बाहेर असतात. २० मिमीचा बोल्ट-ऑन लावला की ते काही मिलिमीटर पुढे येतात आणि चाक सपाट टेकू देत नाहीत. काही अलॉयच्या पाठीला भोकांच्या मधोमध खाचा असतात, स्टड त्यांत शिरतात. तसं असेल तर ठीक. नसेल तर स्टडच्या लांबीपेक्षा जाड स्पेसर घ्या किंवा लांब स्टडसह हबसेंट्रिक प्रकाराकडे वळा. स्टड कापले की मूळ चाकं पुन्हा लावताना आटे अपुरे पडतात.

हबसेंट्रिक म्हणजे काय? सेंटर बोअर किती पाहावा?

चाकाच्या मधल्या भोकाने (हेच सेंटर बोअर) हबच्या ओठावर अचूक बसणं. नट घट्ट होईपर्यंत चाकाला केंद्रावर धरून ठेवण्याचं काम ओठ करतो. नेहमी लागणारी मापं अशी: सुझुकी, टोयोटा आणि ह्युंदाईच्या ४ × १०० (१०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर चार नट) गाड्यांत ५४.१ मिमी, होंडा ४ × १०० मध्ये ५६.१, ५ × ११४.३ मध्ये सुझुकी आणि टोयोटा ६०.१, होंडा ६४.१, ह्युंदाई आणि किया ६७.१; फोक्सवॅगन गटात ५७.१. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत फरक पडतो, म्हणून यादीवर विसंबून ऑर्डर देऊ नका, हब मोजा.

बाजारातल्या अलॉयचं भोक मुद्दाम मोठं, बहुतेकदा ७३.१ मिमी ठेवलेलं असतं, आणि मध्ये रिंग घालतात. हबसेंट्रिक स्पेसर बनवूनच घेणार असाल तर एक फायदा पदरात पाडून घ्या: आतलं भोक हबच्या मापाचं आणि बाहेरचा ओठ चाकाच्या भोकाच्या मापाचा करून घ्या. रिंगची गरजच उरत नाही.

स्पेसरच्या आतल्या कडेला उतरण आहे का तेही पाहा. हबच्या ओठाच्या मुळाशी छोटी गोलाई असते. स्पेसरची कड काटकोनात तीक्ष्ण असेल तर तो त्या गोलाईवर चढून बसतो आणि पृष्ठभागावर टेकतच नाही.

पीसीडी (नटांच्या वर्तुळाचा व्यास) वेगळा असेल तर अ‍ॅडाप्टर चालेल का?

४ × १०० वरून ५ × ११४.३ असं बदलणारे अ‍ॅडाप्टर मिळतात, पण त्यात दोन वेगळे स्टड संच मावायला निदान २० ते २५ मिमी जाडी लागते, आणि तेवढं बाहेर सरकणं रुंद चाकासोबत क्वचितच परवडतं. ४ × १०० च्या चाकाला ४ × ९८ च्या हबवर ओढूनताणून बसवणं, किंवा ११४.३ आणि ११५ ‘सारखंच’ म्हणणं, हे दोन्ही प्रकार धोक्याचे. नट तिरके बसतात आणि स्टड वाकवत राहतात.

कोणता धातू घ्यावा? लेथवर करून घेतलेला चालेल का?

६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ अ‍ॅल्युमिनियम, घडीव गोळ्यातून मशिन केलेलं. स्टड १०.९ दर्जाचे, शिक्का असलेले. ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे स्वस्त स्पेसर आतून छिद्राळ असतात आणि नटाच्या खाचेपासून तडकतात.

लेथवर काम चांगलं होऊ शकतं, अट एवढीच की दोन्ही पृष्ठभाग एकाच पकडीत किंवा मँड्रेलवर समांतर फिरवले जावेत. जाडीत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक चालत नाही. १४० मिमी व्यासाच्या स्पेसरमधला ०.१ मिमी तिरकेपणा ४०० मिमीच्या रिमच्या कडेला जवळजवळ ०.३ मिमी होतो. मायक्रोमीटरने चार जागी मोजल्याशिवाय तुकडा ताब्यात घेऊ नका. ‘अ‍ॅल्युमिनियम आहे’ एवढंच सांगणाऱ्या, पण ग्रेड न सांगू शकणाऱ्या कारखान्यात हे काम देऊ नका. आणि बोल्ट-ऑन मात्र लेथवर कधीच करून घेऊ नये. त्यातले दाबून बसवलेले स्टड हे वेगळं काम आहे.

बसवण्याची पद्धत काय?

चाक काढल्यावर हबचा पृष्ठभाग आणि ओठ वायर ब्रशने उघड्या धातूपर्यंत साफ करा. किनारपट्टीच्या गाड्यांत, रत्नागिरी, अलिबाग किंवा पणजीकडे, इथे गंजाचा जाड थर असतो. तो ठेवून स्पेसर बसवला तर थर काही दिवसांत चिरडतो आणि नट सैल होतात. स्टडवर कारखान्यातून आलेल्या पातळ पत्र्याच्या क्लिपा असतील तर काढून टाका. डिस्क धरणाऱ्या स्क्रूची डोकी वर आलेली नसावीत.

स्पेसर हाताने बसवून फिरवून पाहा. डुगडुगत असेल तर कुठेतरी टेकतोय. जोर लावून बसवू नका. मग चाक, नट बोटांनी, आणि ताऱ्याच्या क्रमाने तीन टप्प्यांत टॉर्क. ४० न्यूटन-मीटर, मग ७०, मग गाडीच्या पुस्तकातला आकडा. पुस्तक नसेल तर अंदाज म्हणून: सुझुकीत मॉडेलप्रमाणे ८५ ते १००, टोयोटात १०३, होंडात १०८, ह्युंदाईत १०७ ते १२७, फोक्सवॅगन गटात १२०.

बोल्ट-ऑनमध्ये आधी स्पेसरचे नट याच पद्धतीने, नंतर चाकाचे. ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा टॉर्क तपासा, आणि बोल्ट-ऑनमध्ये त्यासाठी चाक उतरवावं लागतं. हे आतले नट बाहेरून दिसत नाहीत, म्हणून लोक ते विसरतात. टायर फिरवताना, म्हणजे दर ८-१० हजार किलोमीटरला, पुन्हा एकदा पाहा. ते जमणार नसेल तर बोल्ट-ऑन घेऊ नका.

आट्यांना ग्रीस लावावं का?

नाही. ग्रीस लावल्यावर त्याच टॉर्कला स्टड कितीतरी जास्त ताणला जातो. हबच्या ओठावर अँटी-सीझचा पुसट हात चालतो, नाहीतर अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना असे धरतात की पुढच्या वेळी हातोडा लागतो. स्पेसरच्या पृष्ठभागावर रंग, पावडर कोटिंग, सिलिकॉन यांतलं काहीही नको.

८०-१०० च्या वेगाला स्टीयरिंग थरथरतं. बॅलन्सिंग करूनही जात नाही.

मग बॅलन्सिंगचा दोष नाही. मशीनवर चाक स्पेसरशिवाय फिरतं, म्हणून तिथे सगळं ठीकच दिसणार. चाक उतरवून हबच्या ओठावर चाक किती बसतंय ते पाहा. पातळ चकती असेल तर बहुधा ओठ उरलेला नाही. ओठ ठीक असेल तर डायल गेज लावून स्पेसरच्या पृष्ठभागाची लंगड (फिरताना होणारं डोलणं) मोजा, मग स्पेसर काढून हबची. दोघांचा फरक म्हणजे स्पेसरचा दोष. प्लास्टिकची रिंग वितळून चपटी झालेली असणं हेही नेहमीचं कारण, विशेषतः घाट उतरताना ब्रेक तापलेल्या गाड्यांत.

बेअरिंग लवकर जातात हे खरं का?

भार बेअरिंगच्या मध्यापासून दूर गेला की त्यावरचा वाकवणारा ताण वाढतो, हे निश्चित. पण इथे आकडा स्पेसरच्या जाडीचा नसतो, अंतिम ऑफसेटचा असतो. ईटी ४५ ऐवजी ईटी ३० चं चाक स्पेसरशिवाय लावलं तरी बेअरिंगवर तोच परिणाम. ५ मिमीने फरक जाणवत नाही. २०-२५ मिमी बाहेर, वर रुंद आणि जड चाक, आणि रोज खड्डे, असं असेल तर बेअरिंगचा हूं-हूं आवाज अपेक्षेपेक्षा लवकर ऐकायला येईल. वळणावर गाडी एका बाजूला झुकली की तो वाढतो, त्यावरून ओळखावं.

स्टीयरिंगवरचा परिणाम मात्र लोक कमी लेखतात. स्टीयरिंगचा अक्ष जमिनीला जिथे भेटतो तो बिंदू आणि टायरच्या पट्ट्याचा मध्य यांतलं अंतर कंपनीने ठरवून ठेवलेलं असतं. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या अनेक गाड्यांत ते मुद्दाम थोडं उणं ठेवतात, म्हणजे ब्रेकची एक बाजू कमी धरली तरी गाडी स्वतःहून सरळ राहते. स्पेसरने ते अंतर धनाकडे जातं: एका बाजूचं चाक ओल्या पट्ट्यावर असताना ब्रेक मारला की स्टीयरिंग हाताला ओढतं, आणि खड्ड्याचा हिसका थेट मनगटात येतो. पुढे १० मिमीपेक्षा जास्त जायचं असेल तर हे आधी मान्य करा.

फक्त मागे लावले तर चालतील?

चालतात, आणि दिसण्यासाठीच हवे असतील तर तोच शहाणपणाचा मार्ग, कारण स्टीयरिंग जसंच्या तसं राहतं. गाडी वळणात थोडी जास्त सरळ जाऊ पाहते, एवढाच फरक. एकाच अ‍ॅक्सलवर दोन बाजूंना वेगळी जाडी मात्र कधीही नको.

जिम्नीसाठी वेगळं काय पाहायचं?

मारुती जिम्नीची मूळ चाकं १५ इंची, ५.५जे, ईटी ५. टायर १९५/८० आर१५. पीसीडी ५ × १३९.७, मधलं भोक १०८ मिमी, स्टड १२ × १.२५. ७जे ईटी ० चं चाक घेतलं तर आतली कड ७४.९ वरून ८८.९ मिमीवर जाते, म्हणजे १४ मिमी आत. सरळ चालताना काही कळत नाही. स्टीयरिंग पूर्ण कापलं की टायर पुढच्या अ‍ॅक्सलच्या आर्मला घासतो. म्हणून जिम्नीत उणा ऑफसेट असलेली चाकं घेतात, किंवा मूळ चाकांमागे २० ते ३० मिमीचे बोल्ट-ऑन. मधलं भोक एवढं मोठं असल्याने ‘सगळ्या ५ × १३९.७ ला बसतो’ म्हणून विकलेला स्पेसर हबवर मोकळा खेळतो. १०८ मिमीचा ओठ असलेलाच मागा. सलग पुढच्या अ‍ॅक्सलमुळे स्टीयरिंगच्या सांध्यांत थोडा जरी खेळ असेल तर बाहेर सरकलेली चाकं तो थरथरून दाखवतात. आधी ते सांधे तपासून घ्या, स्पेसर नंतर.

स्पेसर लावल्यावर अलाइनमेंट करावं लागतं का?

स्पेसरने टो किंवा कॅम्बर, म्हणजे चाकांचे कोन, बदलत नाहीत. गाडी आधी सरळ चालत असेल तर नुसत्या स्पेसरसाठी पैसे घालवू नका.

स्टेपनीचं काय?

स्टडवाल्या गाडीत साध्या चकत्या असतील तर स्टेपनी बहुधा तशीच बसते, पण लांब स्टड घातले असतील तर बंद टोकाचे नट तळाला लागून चाक सैल राहू शकतं. उघड्या टोकाचे नट डिकीत ठेवा. बोल्टवाल्या गाडीत धोका मोठा आहे: स्पेसर काढून स्टेपनी लावली आणि लांब बोल्टच वापरले तर ते मागे ड्रममध्ये शिरतात. मूळ बोल्टचा संच स्टेपनीजवळ, चिठ्ठी लावून ठेवा. रात्री हायवेवर पंक्चर झाल्यावर घरचा दुसरा कोणी चाक बदलत असेल, त्याला हे ठाऊक नसतं.

आरटीओ आणि विमा?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. फेंडरबाहेर आलेला टायर रस्त्यात लगेच नजरेत भरतो, आणि पावसाळ्यात तो मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल उडवतो तो भाग वेगळाच. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, आणि वॉरंटीतल्या गाडीचं बेअरिंग गेलं तर दावा नाकारला जाऊ शकतो हे धरून चाला.

परदेशात नियम वेगळे. जर्मनीत स्पेसरसोबत तपासणीचे कागद येतात आणि त्यांची बहुतेकदा नोंद करून घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियात कंपनीने मूळ बसवलेले नसतील तर स्पेसर चालत नाहीत. मेलबर्न-सिडनीत राहणाऱ्यांनी योग्य ऑफसेटचं चाकच शोधावं.

मूळ चाकं परत लावताना स्पेसर ठेवले तर?

काढा. मूळ नट बहुतेकदा मूळ स्टडसाठी असतात, आणि आतल्या स्पेसरने कमी झालेले फेरे बाहेरून दिसत नाहीत. गाडी विकताना स्पेसर गाडीवर राहत असतील तर जाडी, स्टडची लांबी आणि नटाचा प्रकार एका कागदावर लिहून तो ग्राहकाला द्या.